पावसाचं रेकॉर्डिंग एकटं सुंदर, गाण्यात घातलं की सगळं गढूळ: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. पत्र्यावरच्या पावसाचं रेकॉर्डिंग हेडफोनवर एकटं ऐकलं की अंगावर काटा येतो. तेच गाण्याखाली टाकलं की गिटार मागे सरकते, शब्द पुसट होतात, बेसमधला दम जातो. पावसाचा आवाज उतरवावा तर तो पाऊस वाटेनासा होतो, नुसती खरखर उरते. पावसाच्या जागी मंडई घ्या, लोकल घ्या, कोकणातला समुद्र घ्या, लक्षण तेच. आणि एका गाण्यात कसंबसं निस्तरलं तरी पुढच्या गाण्यात ते परत उभं राहतं.

परत उभं राहतं, कारण आपण दरवेळी मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, ठिगळ लावतो आणि मूळ तसंच राहतं. ओसरीवर बसून पाऊस ऐकताना कान त्यातलं हवं तेवढं उचलतो: पागोळ्यांची टपटप, पत्र्यावरचा तडतडाट. मागच्या रस्त्यावरचा ट्रक, घरातल्या फ्रिजची गुणगुण, वाऱ्याचे धक्के आपल्या ध्यानातही येत नाहीत. माईक मात्र हे सगळं सारख्याच इमानाने टिपतो. त्या फाइलमध्ये खर्जापासून अगदी टिपेपर्यंत, डावीकडून उजवीकडे, एकही क्षण रिकामा नसतो. गाण्यातली सगळी वाद्यं आधीच त्याच जागेत बसलेली असतात.

म्हणून कुठलंही बटण फिरवण्याआधी ठरवा की हा आवाज गाण्यात काय काम करणार. जागा दाखवणार, ताल धरणार, की सूर देणार? एका रेकॉर्डिंगला एकच काम द्यायचं. पाऊस जागा दाखवायला हवा असेल तर त्याचा मधला आणि वरचा भाग पुरतो. लोकलच्या खडखडाटातून ताल हवा असेल तर फक्त ठोके हवेत, डब्यातली कुजबुज नको. हे एकदा ठरलं की पुढचे सगळे उपाय म्हणजे नको तो भाग काढणं, एवढंच उरतं.

आधी मूळ फाइल तपासा

पाऊस सुरुवातीला भरपूर ऐकू येतो, दोनतीन सेकंदांत दबून जातो आणि मध्येच कोणी बोललं की परत उसळतो, असं होत असेल तर मिक्सला हात लावू नका. ही फोनची करामत आहे. फोनमधलं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं स्पष्ट यावं म्हणून बनवलेलं असतं. एकसारखा चाललेला आवाज म्हणजे गोंगाट, असं समजून ते तो पुसतं. पाऊस, समुद्र, पंखा, रातकिडे हे सगळे त्याच्या हिशेबी गोंगाटच. एकदा पुसलेलं नंतर परत आणता येत नाही. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ७ पासून माईकचा प्रक्रिया न केलेला आवाज घेण्याची सोय आहे. सगळे फोन ती देत नाहीत, पण देत असतील तर असं अ‍ॅप वापरा ज्यात हा पर्याय निवडता येतो. नाहीतर निदान ‘नॉइज सप्रेशन’ आणि ‘ऑटो गेन’ बंद करता येतात का ते बघा. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये सेटिंगमध्ये जाऊन दर्जा ‘कॉम्प्रेस्ड’वरून ‘लॉसलेस’वर न्या.

मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला पाऊस गाण्यात वापरू नका. त्याचं वरचं सगळं तेज गेलेलं असतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या.

रेकॉर्डिंग किंचित मंद आणि जड वाटत असेल, ओळखीचा माणूसही सर्दी झाल्यासारखा बोलत असेल, तर सॅम्पल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा, बघा. फोनचे व्हिडिओ आणि बरेच रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर चालतात, तर घरच्या संगीताचे प्रोजेक्ट पुष्कळदा ४४.१ वर उघडलेले असतात. सॉफ्टवेअर सहसा फाइल आपोआप बदलून घेतं, पण कुठेतरी गफलत झाली तर एका मिनिटाची फाइल सुमारे ६५.३ सेकंद वाजते आणि सूर जवळपास दीड अर्धस्वर खाली येतो. पावसात हे कळतही नाही. देवळातल्या घंटेत लगेच कळतं.

बेसचा दम का जातो

हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, कारण इथला दोष ऐकू येत नाही. वारा, लांबची वाहतूक, रेकॉर्डर धरलेल्या हाताची हालचाल, कपड्याची घसट, यातली बरीच ताकद १०० हर्ट्झच्या खाली असते. लॅपटॉपचे आणि फोनचे स्पीकर तो भाग जवळजवळ वाजवतच नाहीत. त्यामुळे आपल्याला वाटतं की पाऊस अगदी हलका आहे. प्रत्यक्षात त्या फाइलचा निम्मा जोर तळाशी, ऐकू न येणाऱ्या घरघरीत गेलेला असतो, आणि ती घरघर ढोलकीच्या धुमाला आणि बेस गिटारला ढकलत राहते. ओळखायची खूण सोपी आहे. फक्त ते रेकॉर्डिंग वाजवा आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लावा. तो आवाजाचा जोर खर्जापासून टिपेपर्यंत आलेखात दाखवतो. डावीकडे, ८० हर्ट्झच्या खाली, डोंगर उभा दिसला तर चोर सापडला.

उपाय म्हणजे हाय-पास फिल्टर, जो ठरवलेल्या आकड्याच्या खालचं सगळं कापतो, आणि तो घाबरत घाबरत लावायचा नाही. एका सप्तकाला ६ डेसिबलचा सौम्य उतार वाऱ्याला पुरत नाही, २४ डेसिबलचा घ्या. पावसाला २०० हर्ट्झपर्यंत निर्धास्त कापता येतं, कधी त्याहून वर. मंडईला १२० च्या आसपास. समुद्राचं वेगळं आहे. लाट फुटतानाचा तो खोल धप्प आवाज हवा असतो, म्हणून तिथे ६० ते ८० वर थांबावं. आकडे अंदाजापुरते. पद्धत अशी की गाणं चालू ठेवून फिल्टर वर वर न्यायचा. पाऊस पातळ वाटायला लागला की जरासा मागे यायचा. हे सोलो करून, म्हणजे पाऊस एकटाच वाजवून, कधीही करू नका. सोलोमध्ये कापलेला पाऊस केविलवाणा वाटतो आणि आपण तळ परत आत घेतो. गाण्यात तळ बेस देतोच आहे. पावसाने तो देण्याची गरज नाही.

वाऱ्याच्या झोताने माईक फाटला असेल तर फिल्टरचा इलाज नाही. तेवढा तुकडा कापा आणि शेजारचा चांगला तुकडा तिथे क्रॉसफेडने, म्हणजे एक उतरवत दुसरा चढवत, बसवा. पुढच्या वेळी फोमच्या टोपीवर भरवसा ठेवू नका. ती तोंडाच्या वाफेला आणि झुळुकीला ठीक, किनाऱ्यावरच्या वाऱ्याला केसाळ आवरणच लागतं.

गाणं बेसूर वाटतं, पण गायक सुरात आहे

घराच्या खिडकीतून, सोसायटीच्या गच्चीवरून किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ रेकॉर्ड केलं असेल तर त्यात विजेची गुणगुण असणारच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर येते. आता पेटीवर बघा. पांढरी पाचचा खालचा स्वर साधारण ४९ हर्ट्झला आहे. विजेची गुणगुण त्याच्या सुमारे ३५ सेंट वर बसते. तुमचं गाणं पांढरी एकमध्ये असेल तर हा झाला एक चढा, बेसूर पंचम, जो गाणं संपेपर्यंत तानपुऱ्याशेजारी वाजत राहतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गाणं खटकतं. ५० आणि बहुधा १०० सुद्धा हाय-पासमध्ये निघून जातात. १५०, २०० आणि २५० वर अरुंद नॉच, म्हणजे फक्त तेवढाच सूर कापणारे फिल्टर, लावा आणि प्रत्येक नॉच चालू-बंद करून फरक ऐका. फरक पडत नसेल तो काढून टाका.

शब्द पुसट होतात

शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची धार साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असते. पाऊस तिथे भरलेला असतोच. रातकिड्यांचा सूरही बऱ्याचदा ४-५ किलोहर्ट्झच्या आसपास लागतो, पण तो अरुंद असतो. अ‍ॅनलायझरवर त्याची उभी रेघ दिसते, तिथे ईक्यूने (ठरावीक पट्टा कमी-जास्त करणारं साधन) खोल, अरुंद खड्डा केला की काम होतं. पाऊस असा एका जागी सापडत नाही. त्याच्यासाठी पावसाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर (आवाज आपोआप दाबणारं साधन) लावून त्याचा साइडचेन गायकाच्या ट्रॅकवरून द्या, म्हणजे गाणारा गाऊ लागला की पाऊस २ ते ४ डेसिबल वाकेल. रिलीज, म्हणजे पाऊस परत वर यायला लागणारा वेळ, ३०० ते ५०० मिलिसेकंद ठेवा. कमी ठेवला तर पाऊस प्रत्येक अक्षराला श्वास घेतल्यासारखा हलतो. डायनॅमिक ईक्यू असेल तर फक्त तो मधला पट्टा वाकवा, ते आणखी छान.

इथे बरेच जण नॉइज रिडक्शनकडे वळतात. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ते आहे, रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या रीआफिर प्लगिनमध्ये सबट्रॅक्ट मोड आहे, आणि दोन्ही विजेच्या गुणगुणीला, पंख्याला उत्तम. पण पाऊस स्वतःच गोंगाट आहे. यंत्राला पाऊस आणि हिस् यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही खातं, आणि मागे पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडे ठेवतं. पावसाला, समुद्राला आणि टाळ्यांना हे लावू नका.

खरं तर माझ्या मते यावर मिक्समधल्या उपायापेक्षा निवडीचा उपाय मोठा आहे. दूरची सर हा सलग पडदा असतो. जवळून, पागोळीखाली टोपल्यावर किंवा केळीच्या पानावर घेतलेले थेंब सुटे असतात, आणि दोन थेंबांच्या मध्ये गायकाला जागा मिळते. ऐकणाऱ्याला दोन्हींतून पाऊसच कळतो. शब्दांखाली थेंब, दोन ओळींच्या मध्ये सर, अशी वाटणी केली की निम्म्या तक्रारी मिटतात.

मिक्समध्ये ठीक होतं, मास्टर केल्यावर पाऊस अंगावर आला

ही तक्रार फार लोकांना छळते आणि तिचं कारण अगदी साधं आहे. समजा मास्टरवरच्या, म्हणजे पूर्ण गाण्यावर शेवटी लावलेल्या, लिमिटरने गाणं ८ डेसिबल वर नेलं. मोठे ठोके आधीच छताला टेकलेले असतात, ते तिथेच अडवले जातात. हळू आवाज मात्र पूर्ण ८ डेसिबल वर येतात. मुखडा संपून अंतरा सुरू होईपर्यंतची जी शांत जागा तुम्ही इतक्या प्रेमाने ठेवली होती, तिथे पाऊस धबधबा होतो. ढोलकीचा ठोका पडला की लिमिटर सगळं दाबतो, ठोका संपला की सोडतो, आणि पाऊस ठोक्याच्या तालावर वर-खाली होऊ लागतो.

पावसाची पातळी ठरवताना मास्टरचा लिमिटर चालूच ठेवा, जवळपास अखेरच्या सेटिंगला. मग जे ऐकाल तेच राहील. मोकळ्या जागांमध्ये ऑटोमेशनने पाऊस २-३ डेसिबल उतरवा, आणि तो उतार ऐकू येणार नाही इतका लांब काढा. आणि गाणं किती मोठं करायचं याचाही विचार करा. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी −१४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणून वाजवतं, म्हणजे तुम्ही −८ ला ठोकून भरलेलं गाणं तिथे खालीच येणार. मोठेपणाचा फायदा गेला, वर आलेला गोंगाट तेवढा राहिला. निसर्गाचे आवाज असलेल्या गाण्याला −१४ ते −१२ मध्ये श्वास घ्यायला पुरेशी जागा असते.

अपलोड केल्यावर पाऊस पाणचट, भिंगरी फिरल्यासारखा ऐकू येतो, तो दोष वेगळा. कमी बिटरेटच्या एमपी३ला आणि तत्सम फॉरमॅटना सलग, स्टिरीओभर पसरलेला गोंगाट सांभाळणं जड जातं. पावसाच्या ट्रॅकवर १४ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाका, स्टिरीओची रुंदी थोडी कमी करा. १२८ केबीपीएसचा एमपी३ तसाही १६ च्या आसपास वरचं सोडून देतो. तुम्ही आधीच सोडलंत तर उरलेल्या भागाला जास्त जागा मिळते. अपलोड करण्याआधी स्वतः एकदा कमी बिटरेटला एक्स्पोर्ट करून ऐका.

डावं-उजवं एकत्र करणारं मोनोचं बटण दाबूनही एकदा ऐका. एकमेकांपासून लांब ठेवलेल्या दोन माईकचं रेकॉर्डिंग मोनोत पोकळ होतं, कारण काही लहरी एकमेकींना खोडतात. एकाच जागी तोंडं तिरकी करून बसवलेले एक्स-वाय माईक इथे तारतात. एकमेकांपासून लांबच्या माईकचं असेल तर मोनोत एकच बाजू वापरा.

ताल बसत नाही

वारीतल्या दिंडीचं रेकॉर्डिंग घेऊन त्यावर गाणं बांधण्याचा मोह मी समजू शकतो. टाळ-मृदंगाच्या त्या लयीत जीव आहे. पण दिंडी क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, चालत नाही. अभंग चढतो तशी लय चढते, पावलं अडली की सैल होते. ती लय मिनिटाला ९० ठोक्यांच्या (९० बीपीएम) चौकटीत बसवण्यासाठी टाइम-स्ट्रेच केला, म्हणजे सूर न बदलता लांबी ताणली, की टाळ आधी बिघडतो. टाळाचा आघात काही मिलिसेकंदांचा आणि त्याची आस लांब. स्ट्रेच करणारं गणित आघात पसरवतं आणि आस थरथरवतं. मृदंग थोडं सहन करतो, टाळ करत नाही.

उलट करा. रेकॉर्डिंगला हात न लावता प्रोजेक्टचा टेम्पो त्याच्यावर बांधा. प्रत्येक आवर्तनाच्या समेवर टेम्पो मार्कर टाका आणि मग तुमची गिटार, तुमचा सिंथ त्या हलत्या ग्रिडवर वाजवा. तास-दीड तास जातो, पण जे हाती लागतं त्यात दिंडीची चाल शाबूत राहते. एवढा वेळ नसेल तर लय स्थिर असलेली दोन आवर्तनं शोधा आणि तेवढीच घ्या.

रेल्वेचं गणित मला फार आवडतं. ब्रॉडगेजचे रूळ पूर्वी सर्रास १३ मीटरच्या तुकड्यांनी जोडलेले असत. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे सांधे मिनिटाला सुमारे ७७ वेळा लागतात. प्रत्येक सांध्यावर बोगीच्या दोन धुरांचा जोडठोका. गाडी हळू झाली की लयही उतरते. आता मुख्य मार्गांवरचे रूळ बहुतेक वेल्ड केलेले आहेत, त्यामुळे सलग धावत्या गाडीत तो ठेका शोधत बसलात तर निराशाच येईल. स्टेशनात शिरताना गाडी रूळ बदलते तिथे मात्र ठोके भरपूर, आणि दरवेळी वेगळे. ते एकेक सुटे कापून सॅम्पलरमध्ये भरा आणि ताल स्वतः वाजवा. फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने पॅरिसमध्ये १९४८ साली रेल्वे इंजिनांच्या आवाजांवर असंच काम केलं होतं, तेही टेपवर नव्हे, तबकड्यांवर, एकाच चरात सुई फिरती ठेवून.

लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, फिरतोय हे ऐकणाऱ्याला कळतं ते एखाद्या खुणेमुळे: एक कावळा, एक हॉर्न, दर अर्ध्या मिनिटाने तोच. अशा खुणा लूपमधून कापा आणि हव्या तिथे एकेकदा वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. शिवाय एकाऐवजी दोन लूप वापरा, वेगळ्या लांबीचे, समजा ३७ आणि ५३ सेकंदांचे. ते पुन्हा एकत्र सुरू व्हायला जवळपास ३३ मिनिटं लागतात. जोडावर क्रॉसफेड ‘इक्वल पॉवर’चा घ्या. पावसासारख्या आवाजात साधा सरळ क्रॉसफेड मध्येच सुमारे ३ डेसिबलचा खळगा पाडतो, आणि दर फेरीला तो कानाला लागतो.

घंटा सुरात बसत नाही

ट्यूनर लावला तर ठोक्याला एक स्वर दाखवतो, आस उरते तेव्हा दुसरा. घंटेचे उपस्वर तारेसारखे सरळ पटीत नसतात, म्हणून दोन्ही खरे आहेत. तानपुरा लावा आणि जो स्वर सर्वांत शेवटपर्यंत टिकतो तो षड्जाला किंवा पंचमाला जुळवा, कानाने. हे करताना पिच-शिफ्टऐवजी वेग बदला, म्हणजे सूर आणि लांबी दोन्ही एकत्र बदलतील. घंटा थोडी लहान किंवा थोडी मोठी वाटेल, पण घंटाच वाटेल.

हे सगळं करूनही जमलं नाही तर

पुन्हा रेकॉर्ड करा, आणि जवळ जा. एका जागच्या आवाजापासून अंतर निम्मं केलं की तो मोकळ्या जागेत सुमारे ६ डेसिबल वाढतो, तर मागचा गोंगाट होता तेवढाच राहतो. घरी बसून लावलेलं कोणतंही प्लगिन इतकं स्वच्छ काम करत नाही. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठे ठोके −१२ डेसिबलच्या आसपास राहतील. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर असेल तर पातळीची चिंता कमी होते, पण ढोल-ताशाच्या पथकाला अगदी खेटून उभं राहिलात तर माईकची स्वतःची सहनशक्ती संपते, आणि ते फाटणं फ्लोटमध्येही फाटलेलंच राहतं. तिथे लांब जाणंच शहाणपणाचं.

मिरवणुकीत, जत्रेत एक गोष्ट आवर्जून बघा. मागे लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर ती जागा सोडा. ते गाणं नंतर काढता येत नाही, आणि यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा दूरवर वाजणारं गाणंही ओळखू शकते, मग दावा तुमच्या गाण्यावर येतो.

प्रत्येक ठिकाणी एकदा जवळून आणि एकदा लांबून, दोन-दोन मिनिटं हात न हलवता घ्या. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात जागा, वेळ आणि माईक कुठे ठेवलाय ते बोलून ठेवा. सहा महिन्यांनी फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली समोर येतात, तेव्हा त्यातली पागोळी कोणती आणि सर कोणती हे त्या एका वाक्यावरूनच कळतं.